कार्डावरचं नाव

माझ्या बायकोला टीबी झाला नव्हता. मला झाला होता.

एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि तेही कुणीतरी मागितलं म्हणून. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत. जुनी कार्डं चाळताना आमचं कार्ड त्यांच्या हाती लागलं. एकही खाडा नाही, दर महिन्याला नवरा स्वतः येऊन गोळ्या घेऊन गेलेला. डॉक्टरांना फार कौतुक वाटलं. लोक औषध अर्ध्यात सोडतात, त्यांना वाचायला एक छोटं पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आहे. बायकोचं आजारपण कसं काढलं ते चार पानांत लिहून द्या, म्हणाले. मी मुंडी हलवून आलो. मुंडी हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तर चार पानं लिहितोय. डॉक्टरांना हवी होती ती ही नव्हेत. पण ज्याला नुकताच टीबी निघालाय आणि जो एसटी स्टँडवर बसून कुणापासून लपवू याचा विचार करतोय, त्यानं ही वाचावीत.

छातीचा फोटो

मी साखर कारखान्यात चिटबॉय आहे. कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या घेऊन फडाफडानं हिंडायचं, तोडणी बघायची, गाड्या लावून द्यायच्या, असलं काम. घर भवानीनगरजवळच्या वस्तीवर. आमच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, वडलांच्या हयातीतच ती मोडली, आता आमचाही थोडा ऊस असतो. त्या वेळी मी हंगामी होतो. सहा हंगाम तसेच काढले होते, आणि त्या वर्षी कायम करायच्या यादीत माझं नाव आहे असं साहेबांच्या शिपायानं मला कानात सांगितलं होतं.

म्हणून खोकला सुरू झाला तेव्हा मी तो धुळीवर ढकलला. उसाच्या फडात कोण खोकत नाही? पाचट पेटलं की सगळेच खोकतात. महिनाभर असाच काढला. मग संध्याकाळची अंगात कसकस यायला लागली, पँट कमरेवर ठरंना. एक दिवस बांधावर बसून खोकताना तोंडात खारट लागलं. थुंकलो तर पाचटावर तांबडं.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बाजाराचा दिवस टाळून बारामतीला गेलो. तिथल्या एका खाजगी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. उजेडाला धरून पेन्सिलीनं मला दाखवलं, हे बघा इथं. मला सगळंच काळंपांढरं दिसत होतं. टीबी आहे म्हणाले. भ्यायचं कारण नाही, आठ महिने गोळ्या खायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तिथं नाव घाला.

नाव घाला, एवढंच माझ्या कानात बसलं. फोटोच्या कोपऱ्यात माझं नाव पांढऱ्या अक्षरांत होतं. तो फोटो पिशवीत घालून मी स्टँडवर बसलो आणि भवानीनगरच्या दोन गाड्या सोडल्या. मरणाची भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. भीती यादीची होती. कायम करताना डॉक्टरी तपासणी असते. टीबीवाल्याला घेत नाहीत असा काही नियम होता का, मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे सांगायचं आलं.

तिथं बसल्या बसल्या मला बायकोची आठवण झाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

माहेरी घालवलेली बायको

तिला मी माहेरी पाठवली होती. पाठवली कसली, घालवली होती. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. आई रोज तिला टोचून बोलायची. आधी मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, मग मीही बोलायला लागलो. शेजारी बारसं होतं, तिथं ती गेली. मी तिला हाताला धरून बाहेर काढली आणि चार बायकांदेखत म्हणालो, वांझेनं दुसऱ्याच्या पाळण्याजवळ उभं राहू नये. हे मी म्हणालो, आई नव्हे. दुसऱ्या दिवशी तिची ट्रंक उचलून तिला भिगवणपर्यंत नेली आणि पुढं एकटीला पळसदेवच्या गाडीत बसवली. आई दुसरी पोरगी बघत होती, आणि मी नको म्हणत नव्हतो.

तर अशी बायको मला आठवली ती कशासाठी? दवाखान्यात नाव कुणाचं तरी घालावं लागणार. बाईमाणसाचं घातलं तर काय बिघडतंय? तिला ना यादी, ना तपासणी. बाईचा आजार उंबऱ्याच्या आत राहतो, असं मला खरंच वाटत होतं. दोन दिवसांनी इंदापूरला जाऊन बायको आजारी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी बेडक्यासाठी डबी दिली आणि पेशंटला घेऊन या म्हणाले.

मी पळसदेवला गेलो. उजनी धरणाचं पाणी त्या दिवसांत सासऱ्यांच्या बांधाला लागलेलं होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. न सांगता जावई आलेला बघून मामांचा जीव खालीवर झाला. त्यांनी कोळ्याकडनं ताजा मासा आणला. शालन, माझी धाकटी मेव्हणी, पाय धुवायला पाणी घेऊन आली. आठ महिने कुठं होतास असं एकानंही विचारलं नाही. मी म्हणालो, न्यायला आलोय. बायको चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर करून बघितलं. पाच वर्षांत तिच्या तोंडावर तसला आनंद मी कधी आणला नव्हता. तिला वाटलं मी तिच्यासाठी आलोय.

इंदापूरचं बाकडं

सकाळी मामांच्या उसात जाऊन मी डबीत थुंकलो, डबी रुमालात बांधली, खिशात घातली. घराकडं न जाता तिला इंदापूरच्या गाडीत बसवलं. तिनं नवीन बांगड्या भरल्या होत्या. मी बाजार करायला नेतोय असंच तिला वाटलं असणार.

दवाखान्याच्या बाकड्यावर मी तिला सगळं सांगितलं. खाली बघत, भराभर सांगितलं. मला काय झालंय, यादी, तपासणी, आणि तुझं नाव लागणार. ती समोरच्या रांगेकडं बघत बसली. आता ही उठून चालती होईल असं मला वाटलं. उठली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं एकच विचारलं. "छातीत लई दुखतं का वो?"

मी नाही म्हणालो. ती पदर सावरून उठली आणि खिडकीकडं गेली.

कंपाउंडरनं नाव विचारलं. तिनं स्वतःचं सांगितलं आणि पुढं थांबली. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कंपाउंडरनं पेन धरून माझ्याकडं बघितलं, तेव्हा मधलं नाव मी सांगितलं. डॉक्टरांनी तिला तपासलं. छाती तर स्वच्छ वाटतीय, बेडका काय म्हणतो ते बघू, असं म्हणाले. डबी मी तिच्या नावानं दिली होती, बेडका काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

तिचं ताट

बायकोला परत आणली म्हणून आई धुसफुसली, तेवढंच. पण माझा बेत पंधरा दिवससुद्धा टिकला नाही. दवाखान्याचा माणूस विचारपूस करायला सायकलवरनं वस्तीवर आला. त्याचं ते कामच होतं. त्यानं बायकोचं नाव घेऊन विचारलं आणि आईला टीबीची सगळी काळजी समजावून सांगितली. त्या दिवशी दुपारपर्यंत वस्तीला कळलं, आणि आठवड्यात भवानीनगरच्या गिरणीवर कळलं. बाईचा आजार उंबऱ्याच्या आत राहतो म्हणे! बाईच्या आजाराला तर पाय जास्त असतात.

माझे वडील मेंढरं राखायचे तेव्हा एखादं मेंढरू खोकायला लागलं की त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढून ते कळपातनं वेगळं बांधायचे. आईनं तेच केलं. आमच्याकडं भांड्यांवर नाव घालून घेतात. बायकोच्या रुखवतातलं तिच्या नावाचं एक ताट होतं. आईनं ते मांडणीवरनं काढलं आणि तिच्या पुढं ठेवलं.

"हे तुझं. ह्यात खायाचं, पडवीत बसायचं. एका खोकणाऱ्या मेंढरापायी कळप जातो, बाई."

बायको बरं म्हणाली. मी तिथंच भाकरी खात होतो. घास गिळला आणि मला ठसका लागला. आईनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

पुढचं सगळं बायकोनंच संभाळलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर उकळतं पाणी ओतायचं, असं डॉक्टरनं सांगितलंय म्हणून ती आईला पटवायची. तसं केलं नसतं तर आईला माझ्यापासनं काय झालं असतं कुणास ठाऊक. आईचं अंथरूण खोकल्यापासनं लांब हवं म्हणून मला बाहेर ओट्यावर झोपायला लावलं. माझ्या गोळ्या भाकरीच्या फडक्यात बांधून द्यायची, मी त्या फडात खायचो. डॉक्टरनं अंडी खायला सांगितली होती. ती तिच्या नावानं यायची आणि माझ्या डब्यात जायची. आई वस्तीभर सांगायची, खाटेवर पडायचं सोडून बया दोन दोन अंडी हाणतीय. ती बया तर वाळत चालली होती आणि मी भरत चाललो होतो. एवढं डोळ्यासमोर असून कुणाला शंका आली नाही.

एकदा फडात लघवी लाल झाली. आता संपलंच म्हणून मी सायकल मारत घरी आलो. ती गोठ्यात होती. तिला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. गोळ्यांनी होतं तसं, नर्सबाईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला सांगायची लाज वाटली म्हणाली. मलाही हसू फुटलं. लग्नाला सहा वर्षं होत आलेली आम्ही दोघं गोठ्यात उभी राहून लाल लघवीला हसत होतो. आमच्या संसारातला तो बरा दिवस.

संक्रांतीला तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती पडवीत बसून तीळ निवडत राहिली.

बारामतीचा वॉर्ड

तिसऱ्या महिन्यात माझे डोळे पिवळे झाले. पोटात पाणी ठरंना. आईनं आणि शेजारच्यांनी जीपमध्ये घालून बारामतीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय औषधं चालू आहेत? मी म्हणालो, काही नाही. त्यांनी परत विचारलं, दारू? गावठी झाडपाला? मी नाही, नाही करत राहिलो. आई उशाशी उभी होती. बायको पायथ्याशी.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले तशी बायको त्यांच्या मागनं गेली. व्हरांड्यात तिनं पदराची गाठ सोडली. गोळ्यांची पाकिटं आणि ते कार्ड त्यांच्या पुढं धरलं. मला खाटेवरनं सगळं दिसत होतं. डॉक्टर कार्ड वाचत होते, मग तिच्याकडं बघत होते, मग परत कार्ड. ती हातानं माझ्याकडं दाखवत होती. मला तिचा राग आला. हो, लिहितोय ते खरं आहे. मरायला टेकलो होतो आणि मला तिचा राग आला होता.

डॉक्टर परत आले. आईला बाहेर पाठवून खाटेवर बसले. गोळ्यांनीच कावीळ झालीय, अजून आठ दिवस खाल्ल्या असत्या तर तुम्ही हाती लागला नसता, असं हळू आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "बाईंनी शपथ घातलीय म्हणून मी बोलणार नाही. पण तुम्ही बोला कधीतरी."

तिथं अठरा दिवस होतो. गोळ्या बंद झाल्या, मग एक एक करून परत सुरू झाल्या. सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग पातळ वरणभात. ह्या सगळ्यापेक्षा माझ्या ध्यानात राहिली ती एक पायरी. आईनं दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाटेवाल्यांना सांगितलं होतं की सुनेला टीबी आहे. त्यांनी आपली चटई ओढून घेतली. मग आई बायकोला म्हणाली, तू आत बसू नगंस, माझ्या लेकाला आधीच कावीळ झालीय, तुझं आणि त्याला नको. तेव्हापासून बायको जिन्याच्या पायरीवर बसायची. तिचं नावाचं ताट तिनं बरोबर आणलं होतं. माझ्यासाठी उकळलेलं पाणी, फडकी, सगळं वर आणून द्यायची, दारातनं माझ्याकडं एकदा बघायची आणि खाली जाऊन त्या ताटात जेवायची. शेजारच्या खाटेवरचे तात्या मला म्हणाले, बाईचा आजार लई वंगाळ, तुमी जपून राहा. मी म्हणालो, व्हय.

मामा आले होते

मी घरी आलो आणि महिन्याभरात शालनचं ठरलेलं लग्न मोडलं. भिगवणकडचं चांगलं स्थळ होतं, सुपारी फुटली होती. थोरल्या बहिणीला टीबी आहे हे मुलाकडच्यांना कळलं. घराण्यात असतो हा रोग, म्हणाले, आणि निरोप पाठवला.

मामा एकटे आमच्या वस्तीवर आले. लेकीकडं येताना मामा कधी मोकळ्या हातानं येत नसत, त्या दिवशी आले. पाणी प्यायले. पडवीतलं वेगळं ताट त्यांनी बघितलं. मग मला बाजूला घेतलं. त्यांना अजून आशा होती. कुणीतरी कंडी पिकवली असंल, जावई सांगंल, असं त्यांच्या मनात होतं.

"जावईबापू, खरं हाय का हे?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण डॉक्टरी तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. गोळ्यांनी मी आता बरा दिसत होतो, खोकला गेला होता, वजन वाढलं होतं. आणि बायको गोठ्याच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत मान हलवत होती. नको म्हणून.

मी म्हणालो, व्हय मामा, पण आता बरी हाय ती.

तिनं नको म्हणून खुणावलं, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण तिनं हो म्हणून खुणावलं असतं तरी मी तेच म्हणालो असतो. मामांनी पटक्याचं टोक डोळ्याला लावलं आणि पोरीला जपा म्हणाले. म्हणजे माझ्या बायकोला. जाताना त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

पंधरा दिवसांनी तपासणी झाली. वजन, डोळे, छातीला नळी, झालं. यादी लागली. मी पेढे वाटले. वर्षभरानं एकदा चहाच्या टपरीवर वर्कशॉपमधला एक फिटर सहज बोलून गेला की त्याला मागं टीबी झाला होता. मी विचारलं, मग? मग काय, म्हणाला, रजा मिळाली, औषध झालं, रुजू झालो. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. एवढंच विचारायचं होतं. एका माणसाला एवढंच.

ग्रहण

आठ महिन्यांचं औषध पुरं झालं. त्याच साली दिवाळीच्या तोंडावर सूर्यग्रहण आलं. जुन्या छातीच्या फोटोतनं ग्रहण बघता येतं म्हणून वस्तीवरची पोरं घरोघर फोटो मागत फिरत होती. आदल्या संध्याकाळी बायकोनं ट्रंकेच्या तळातनं माझा तो बारामतीचा फोटो काढला. कात्रीनं माझ्या नावाचा कोपरा कापला आणि चुलीत टाकला. त्याचा घाण वास सुटला. उरलेल्याचे तुकडे करून पोरांना वाटले. सकाळी सगळी वस्ती माझ्या छातीतनं सूर्य बघत होती.

माझ्या आजाराचा तेवढा एकच कागद माझ्या नावाचा होता. ती कापत होती ते मी उंबऱ्यात बसून बघितलं. नको म्हणालो नाही.

फेटा

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शालनला दुसरं स्थळ आलं, इंदापूरजवळचं. बोलणी पळसदेवला होती, मला आणि बायकोला बोलावणं आलं. उजनीचं पाणी खूप खाली गेलं होतं, बुडालेलं देऊळ उघडं पडलं होतं, पाव्हणे आधी ते बघून आले. मग बैठक बसली. मुलाचे वडील आबा स्पष्ट बोलणारे होते. थोरलीला टीबी होता असं ऐकलंय, म्हणाले, आधी ते सांगा. मामा खाली बघायला लागले. दाराआड उभ्या असलेल्या शालनचे पाय मला दिसत होते.

ह्या वेळी मी बोललो. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की टीबी हिला नव्हता, मला होता. कार्डावर मी हिचं नाव घातलं. हिच्या छातीत कधी काही नव्हतं. कावीळ, गोळ्या, सगळं सांगितलं. छाती हलकी वाटत होती.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कारखान्यात कायम झालेला, डॉक्टरनं पास केलेला, भरल्या अंगाचा माणूस. मग त्यांनी बायकोकडं बघितलं. काटकुळी, डोळे खोल गेलेली. त्यांनी तिलाच विचारलं, बाई, तू सांग.

मी तिच्याकडं बघितलं. आता ती हो म्हणेल, आणि सुटेल, असं मला वाटलं.

"मलाच होता," ती म्हणाली. "ते माझं अंगावर घेत्यात. पर मी औषध पुरं केलं, आबा, एक दिस चुकवला न्हाय. आता धडधाकट हाय. बघा की, मी हितं उभी हाय. माझ्या भनीला काय बी न्हाय."

आबांचे डोळे भरून आले. ते उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बायकोसाठी असं खोटं बोलणारा गडी मी आजपातूर बघितला न्हाय, ज्या घरचा जावई असा त्या घरची पोरगी आमी डोळे झाकून करणार. सुपारी फुटली. मामांनी मला मिठी मारली.

आणि मला काय वाटलं? मला सुटल्यासारखं वाटलं. सत्यही बोललो आणि नोकरीलाही धक्का लागला नाही. ते वाटणं थोडाच वेळ होतं, पण होतं. ह्या चार पानांत ह्यापेक्षा वाईट मला काही लिहायचं नाही.

लग्नात मांडवात मला फेटा बांधला, नारळ दिला. बायको थोरली बहीण, पण हळद लावताना बायकांनी तिला मागंच ठेवलं. तिनं लांबनं अक्षता टाकल्या. घरी आल्यावर मी आईलाही सगळं सांगितलं. आईनं माझी दृष्ट काढली. म्हणाली, बायकोवर एवढा जीव बरा न्हाय लेका.

शेवटचं

ही पानं मी परवा बायकोला वाचून दाखवली. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. वाचून झाल्यावर मी विचारलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं का बोललीस?

"शालनचं जमवायचं होतं," ती म्हणाली. "बरी झालेली बाई त्यांच्या पुढं उभी हाय, एवढं त्यास्नी दिसाय पायजे होतं. तुमचं कोण खरं धरणार होतं?"

मग मी विचारलं, आणि पहिल्या दिवशी? इंदापूरच्या बाकड्यावरनं उठून का गेली नाहीस?

तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी न्यायला आला तवा मला वाटलं माझ्यासाठी आलाय. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर कळलं कशासाठी आलाय ते. पर ती एक सांज मी लई सुखात होती वो. तेवढ्यावर आली मी."

ती परत पाखडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, लिहिताय ते लिहा, पण माझं नाव घालू नका.

नाही घातलं. एकदा वापरलंय, तेवढं बास. तिचं ताट मी मांडणीवरनं खाली घेतलंय आणि त्यात मी जेवतो. आई रोज ओरडते. मूल अजून नाही. पाच वर्षं जिला वांझ म्हणालो, तिची मुलासाठीची डॉक्टरी तपासणी मागंच झाली होती, माझी अजून कुणी केलेली नाही. पुढच्या सोमवारी मी बारामतीला जाणार आहे, माझ्या नावानं.

डॉक्टरसाहेब, इंदापूरच्या कपाटातलं ते कार्ड काढा आणि एवढं दुरुस्त करा.

पेशंटचं नाव: मारुती बिरा कोळेकर. पुरुष. वय त्या वेळी एकोणतीस. काम: चिटबॉय. औषध पुरं केलं. आणलेल्या बाईला काही झालं नव्हतं.